रोवणीतली पाठदुखी

जुलैत गोंदिया जिल्ह्यात पाठ न दुखणारी बाई शोधावी लागेल. धानाचे पऱ्हे उपटायचे, पेंढ्या बांधीत टाकायच्या आणि घोटाभर चिखलात कमरेतून वाकून दिवसभर रोवणी करायची. संध्याकाळी घरी आल्यावर कंबर सरळ व्हायला वेळ लागतो. कुणी तेल चोळून घेते, कुणी मेडिकलमधून गोळी आणते आणि सकाळी पुन्हा तीच बांधी. रोवणी आटोपली की पाठदुखीही विसरते.

आता या रांगेत समजा एक बाई अशी आहे, जिचं तीन वर्षांपूर्वी स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं. केमो झाली, रेडिएशन झालं, केस परत आले, रोजची एक गोळी चालू आहे. गावानं ‘बरी झाली’ म्हणून तिचा विषय कधीच संपवला आणि तीही रोवणीला आली. तिची पाठ शेजारणीइतकीच दुखते. पण शेजारीण पडल्या पडल्या झोपते आणि ही आढ्याकडे बघत पडून राहते. एकच प्रश्न: परत आलं का?

यानंतर बहुधा दोनपैकी एक चूक होते. शहरात राहणारा मुलगा किंवा भाचा घाबरतो आणि दुसऱ्याच दिवशी एखाद्या लॅबचं मोठं पॅकेज बुक करतो. किंवा ती बाई कुणालाच काही सांगत नाही. रोवणी होऊ दे, मग पोळा होऊ दे, मग धान कापणी, मग दिवाळीनंतरची मंडई. आपल्या भागात ही दुसरी चूक जास्त होते, असं माझं मत आहे, आणि तिच्यामागे अडाणीपणा नसतो. नागपूरची एक फेरी म्हणजे दोन माणसांची मजुरी, आणि मजुरीपेक्षाही मोठी गोष्ट म्हणजे घरातल्यांचे उतरलेले चेहरे पुन्हा बघणं. ते तिला नको असतं.

तर मग ही पाठदुखी कोणती, हे ओळखायचं कसं?

स्तनाचा कॅन्सर दूर पसरतो तेव्हा हाडं, फुप्फुसं, यकृत आणि मेंदू या चार ठिकाणी जास्त जातो आणि त्यातही हाडांत सर्वाधिक. पाठीचे मणके, बरगड्या, कंबरेचं हाड यांच्या आत रक्त तयार करणारा लाल मगज असतो. तिथे रक्तपुरवठा भरपूर, म्हणून भटक्या पेशींना तिथे आसरा मिळतो. तिथे त्या स्वतः हाड कुरतडत नाहीत. हाडाची जुनी माती काढणाऱ्या शरीराच्याच पेशींना त्या चिथावतात आणि हाड आतून पोकळ होत जातं. हे काम रात्रंदिवस चालतं, म्हणून दुखणंही रात्रंदिवस असतं.

कामाच्या दुखण्याचा स्वभाव वेगळा. ते वाकलं की वाढतं, आडवं झालं की उतरतं, आज कंबरेत तर उद्या खांद्यात. हाडातल्या कॅन्सरचं दुखणं सहसा एका जागी ठाण मांडतं, विश्रांतीनं उतरत नाही, रात्री झोपेतून उठवतं आणि दर आठवड्याला थोडं थोडं चढत जातं. मणक्यावर बोटानं हलकं ठोकलं तर नेमकी तीच जागा कळवळते.

तिसरं एक दुखणं आहे आणि ते बायकांना कुणी नीट सांगत नाही. हार्मोनवर पोसणारा कॅन्सर असलेल्या, पाळी गेलेल्या बायकांना ऑपरेशननंतर लेट्रोझोल किंवा ॲनास्ट्रोझोलची गोळी अनेक वर्षं घ्यावी लागते. या गोळ्या शरीरातलं इस्ट्रोजेन जवळजवळ संपवतात आणि त्यामुळे सांधे आखडतात. सकाळी बोटांची मूठ वळत नाही, दोन्ही गुडघे एकसारखे दुखतात, चार पावलं चालल्यावर मोकळं वाटतं. हे दुखणं गोळीचं असतं. त्यावर उपाय आहेत, गोळी बदलूनही मिळते. पण भीतीनं किंवा वैतागानं परस्पर गोळी बंद करणाऱ्या बायका आहेत, आणि गोळी बंद करणं हा या सगळ्यातला सर्वांत महागडा इलाज आहे. याच गोळ्यांनी हाडं ठिसूळही होतात. धानाची बोरी उचलली आणि पाठीत कळ आली, तर तो ठिसूळ मणका दबल्याचा प्रकार असू शकतो. तो कॅन्सर नव्हे, पण उपचार त्यालाही लागतात.

डॉक्टर साधारण एक ठोकताळा वापरतात: नवीन आहे का, टिकून आहे का, वाढतंय का? तिन्हीचं उत्तर ‘हो’ आणि दोन आठवडे होऊन गेले, तर दाखवायचं. खोकला असो, डोकेदुखी असो, भूक जाणं असो, हाच हिशेब.

काही गोष्टींना मात्र दोन आठवडे द्यायचे नाहीत. पाठदुखीबरोबर पायातली ताकद गेली, पाय जड किंवा बधिर झाले, लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, तर मणक्याआतल्या मज्जारज्जूवर दाब आलेला असू शकतो. तिथे तासांचा हिशेब असतो. पाय एकदा पूर्ण गेले की परत येणं अवघड, म्हणून रात्र असली तरी १०८ ला फोन करायचा. अचानक दम लागणं, पहिल्यांदाच फिट येणं, एकाच पायाची पोटरी सुजून दुखणं, यांनाही हाच नियम.

गोंदियात या प्रकरणाला आणखी एक गुंता आहे. इथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात बसलेल्या डॉक्टरपुढे दिवसभर टीबी, मलेरिया, सिकलसेल आणि हत्तीरोग येतात. सालेकसा, देवरीकडून तापानं आलेल्या माणसाच्या रक्तात मलेरिया शोधणं हे त्यांचं पहिलं काम. सिकलसेल तर मध्य भारतात असल्याची नोंद शुक्ला आणि सोलंकी या नागपूरच्या डॉक्टरांनी १९५८ मध्येच ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात केली होती. त्यामुळे खोकला म्हटलं की थुंकी तपासणार, हाडं दुखतात म्हटलं की सिकलसेलचं कार्ड विचारणार. ते बरोबरच आहे. फक्त समोरच्या बाईला तीन वर्षांपूर्वी काय झालं होतं, हे पदराआड त्यांना दिसत नाही. घरी कॅन्सरशिवाय दुसरं काही सुचत नाही आणि केंद्रात कॅन्सर सोडून सगळं सुचतं. या दोन टोकांना जोडणारं एकच वाक्य आहे आणि ते त्या बाईनं खुर्चीवर बसल्या बसल्या म्हणायचं: डॉक्टरसाहेब, माझं स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेलं आहे.

पाठदुखीतही टीबी लपलेला असतो. मणक्याचा टीबी आपल्याकडे दुर्मीळ नाही: संध्याकाळचा बारीक ताप, वजन उतरणं, पाठीत एका जागी दुखणं. ऐकायला अगदी कॅन्सरसारखंच. एमआरआयवर एक जुनी खूण बघतात. कॅन्सर मणका खातो, पण दोन मणक्यांमधली गादी बहुधा सोडून देतो. टीबी गादीलाही सोडत नाही. खूण उपयोगी आहे, तिच्यावर शेवटचा निकाल मात्र कुणी देत नाही.

तपासण्यांची मर्यादा माहीत असली तर निम्मी भीती कमी होते, म्हणून इथे थोडं थांबतो. साधा एक्स-रे स्वस्त आणि जवळ, पण हाडातला साधारण ३० ते ५० टक्के चुना गेल्याशिवाय त्यात काही दिसत नाही. म्हणजे ‘एक्स-रे चांगला आला’ यानं दुखणाऱ्या पाठीचा विषय संपत नाही. बोन स्कॅन याच्या अगदी उलट. शिरेतून दिलेलं किंचित किरणोत्सारी द्रव्य, जिथे जिथे नवं हाड तयार होतंय तिथे जाऊन बसतं आणि पडद्यावर काळे ठिपके उमटतात. झिजलेला गुडघा, जुनं फ्रॅक्चर, म्हातारपणाची कंबर, सगळेच ठिपके होतात. पेट स्कॅनमध्ये साखरेसारखं द्रव्य देतात. ज्या पेशी साखर अधाशासारखी खातात त्या चमकतात. कॅन्सरच्या पेशी चमकतात, टीबीच्या गाठीही तितक्याच चमकतात. छातीतली चमकणारी गाठ बघून घरात रडारड व्हावी आणि सुईनं काढलेल्या तुकड्यात टीबी निघावा, हे आपल्या देशातल्या डॉक्टरांच्या चांगल्या परिचयाचं आहे. सहा महिन्यांच्या गोळ्यांनी तो बरा होतो.

म्हणून नवी जागा दिसली आणि सुई तिथे पोचत असेल, तर बायोप्सी करावी असा आग्रह असतो. ‘सुई लावली की पसरतं’ ही धास्ती गावोगाव आहे आणि तिनं फार नुकसान केलंय. बायोप्सीचं दुसरंही कारण आहे. परत आलेल्या कॅन्सरचा स्वभाव काही वेळा बदललेला असतो. पहिल्या वेळी हार्मोनच्या गोळीला दाद देणारा आजार या वेळी देईलच असं नाही. औषध नव्या तुकड्यावरून ठरवावं लागतं.

मग दर सहा महिन्यांनी सगळे स्कॅन करून का घेऊ नयेत? हा प्रश्न इटलीतल्या डॉक्टरांनी दोन मोठ्या चाचण्यांत तपासला आणि दोन्ही १९९४ मध्ये ‘जामा’ या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात छापून आल्या. एकीत १,३२० बायका, दुसरीत १,२४३. निम्म्यांना नुसती डॉक्टरांची तपासणी आणि मॅमोग्राफी, उरलेल्यांना त्याशिवाय ठरावीक काळानं छातीचे एक्स-रे, बोन स्कॅन वगैरे. काही वर्षांनंतर बघितलं तर दोन्हीकडे जगण्याचं प्रमाण सारखंच. हाडातला आजार त्रास द्यायच्या चार महिने आधी सापडला, तर उपचार चार महिने आधी सुरू होतात आणि काळजीही चार महिने आधी. औषधं आता पुष्कळ सुधारली आहेत, तेव्हा हा निकाल उद्या बदलेलही. पण आजही, काही त्रास नसलेल्या बाईला नेमानं पेट स्कॅन किंवा ‘ट्यूमर मार्कर’ करायला जगातल्या प्रमुख मार्गदर्शिका सांगत नाहीत. पहिली तीन वर्षं दर तीन ते सहा महिन्यांनी डॉक्टरांची तपासणी, पुढची दोन वर्षं सहा ते बारा महिन्यांनी, नंतर वर्षातून एकदा. आणि दरवर्षी मॅमोग्राफी. मॅमोग्राफी यासाठी, की उरलेल्या किंवा दुसऱ्या स्तनात नव्यानं काही झालं तर ते लवकर सापडून पूर्ण बरं होऊ शकतं. पॅकेजवाल्या लॅबचा धंदा ‘लवकर सापडणं’ आणि ‘जास्त जगणं’ यांतल्या फरकावरच चालतो, असं म्हटलं तर त्यांना राग येईल.

हाताचं दुखणं वेगळं. काखेतल्या गाठी काढल्या की त्या बाजूच्या हाताचा पाझर निघायची वाट अरुंद होते आणि साधारण पाचातल्या एका बाईच्या हातावर पुढे कधीतरी सूज येते. पहारेकरी (सेंटिनेल) गाठींपुरतंच ऑपरेशन झालं असेल तर हे प्रमाण वीसात एक इतकं खाली येतं. गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली हा हत्तीरोगाचा जुना पट्टा, त्यामुळे सुजलेला हात दिसला की शेजारपाजारचे निदान सांगून मोकळे. दोन्ही सुजांमागचं तत्त्व एकच आहे, पाझराची वाट बंद होणं, कारणं निरनिराळी. सुजलेल्या हाताचा खरा शत्रू चिखल. विळ्याचा कापा, काटा, जळूचा चावा, एवढ्यावरून जंतू आत जातात आणि रात्रीत हात लाल, गरम होऊन थंडी वाजून ताप येतो. हाही कॅन्सर नसतो, पण अँटिबायोटिक त्याच दिवशी लागतं. रोवणीत लांब बाह्या, रबरी हातमोजे, घरी आल्यावर साबण आणि खोबरेल तेल एवढं केलं तरी पुष्कळ टळतं. ‘त्या हातानं आता काही उचलू नको’ हा जुना सल्ला मात्र मागे पडला. कॅथरीन श्मिट्झ यांच्या गटानं हातावर सूज असलेल्या १४१ बायकांवर केलेला अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. हळूहळू वजन वाढवत व्यायाम केलेल्या बायकांची सूज वाढली नाहीच, उलट ती उसळण्याचे प्रसंग कमी झाले. हळूहळू हा त्यातला महत्त्वाचा शब्द. वर्षभर घरी बसून एकदम रोवणीला उतरणं त्यात बसत नाही.

टॅमॉक्सिफेनची गोळी घेणाऱ्या बायकांसाठी एक सूचना. पाळी जाऊन वर्षं झाली आणि अचानक थोडं रक्त दिसलं, तर ‘गोळ्यांनी पाळी परत आली’ असं समजून कित्येकजणी गप्प बसतात. टॅमॉक्सिफेननं गर्भपिशवीच्या अस्तराचा कॅन्सर होण्याचा धोका किंचित वाढतो, पाळी गेलेल्या हजार बायकांमागे वर्षाला दोनेकींना. गोळीचा फायदा याहून कितीतरी मोठा, म्हणून ती सोडायची नाही. पण रक्त दिसलं की तपासणी करायचीच. गोंदियात त्यासाठी बाई गंगाबाई स्त्री रुग्णालय आहेच, आणि वेळेत दाखवलं तर हा कॅन्सर बहुधा ऑपरेशननंच निपटतो.

एवढं सगळं कळूनही रात्रीची झोप लागेलच असं नाही. कारण भीतीचा उगम माहितीत नसतो. पहिली गाठ दुखत नव्हती, म्हणून तर ती अंगावर काढली गेली. शरीरानं एकदा असं फसवलं की पुढे त्याच्या प्रत्येक कुरकुरीवर संशय येतो. मग हात सारखा काखेकडे, व्रणाकडे जातो. दिवसातून दहा वेळा चाचपलं तर धडधाकट काखही दुखू लागते आणि त्या दुखण्यानं चाचपणं वाढतं. ऑस्ट्रेलियात फिलिस बुटो आणि सहकाऱ्यांनी या भीतीवरच पाच बैठकींचा उपचार तयार केला. २२२ जणांवर घेतलेल्या त्याच्या चाचणीचे निष्कर्ष २०१७ मध्ये छापून आले. नुसतं अंग सैल सोडायला शिकवलेल्या गटापेक्षा या गटाची भीती जास्त उतरली. त्यात जादू नव्हती. लक्ष एका गोष्टीवरून दुसरीकडे वळवायचा सराव, आणि कशाची दखल घ्यायची, किती वेळा तपासायचं हे आधीच ठरवून टाकणं. आपल्याकडे ते असं करता येईल: महिन्यातून एक दिवस ठरवायचा, त्या दिवशी अंघोळीच्या वेळी नीट बघायचं, बाकी दिवस हात लावायचा नाही. जास्तच जीव घाबरा झाला तर १४४१६ या टेली-मानसच्या सरकारी क्रमांकावर मराठीतून बोलता येतं, पैसे पडत नाहीत.

घरच्यांनी एक वाक्य तेवढं टाळावं. ‘विचार करून करून आजार ओढवून घेशील.’ काळजी केल्यानं कॅन्सर परत येतो याला भक्कम पुरावा नाही. त्या वाक्यानं होतं एवढंच, की पुढच्या वेळी ती सांगत नाही.

कधीकधी शंका खरीही निघते. लेखिका-दिग्दर्शिका ताहिरा कश्यप यांना २०१८ मध्ये स्तनाचा कॅन्सर झाला होता. सात वर्षांनी, एप्रिल २०२५ मध्ये, तो परत आल्याचं त्यांनी स्वतः जाहीर केलं. हार्मोनवर पोसणारा प्रकार असेल तर पाच वर्षं म्हणजे सुटका, असं धरता येत नाही. ६२ हजारांहून जास्त बायकांची माहिती एकत्र करून २०१७ मध्ये जो हिशेब मांडला गेला, त्यात पाच वर्षांच्या गोळ्या पूर्ण केलेल्यांमध्येही पुढची पंधरा वर्षं आजार दूर कुठेतरी उगवत राहिला. गाठ लहान आणि काख स्वच्छ असलेल्यांत १३ टक्के, मोठी गाठ आणि काखेत चार ते नऊ गाठी असलेल्यांत ४१ टक्के. अर्थात त्यांचे उपचार जुन्या काळातले होते. फक्त हाडांत आलेला, हार्मोनला दाद देणारा आजार पुसला जात नसला तरी गोळ्यांवर वर्षानुवर्षं दबून राहू शकतो. पाल्बोसिक्लिब या गोळीचं पेटंट भारतात जानेवारी २०२३ मध्ये संपलं आणि तिची किंमत बरीच उतरली. दुखणाऱ्या मणक्याला अनेकदा एकाच बैठकीचं रेडिएशन पुरतं.

राहता राहिली फाईल. ऑपरेशन मुंबईत टाटाला, केमो नागपुरात आणि आता पाठ दाखवायची गोंदियाच्या केटीएस रुग्णालयात, असं पुष्कळजणींचं असतं. प्लास्टिकच्या त्या पिशवीत चार कागद वरच ठेवावेत: बायोप्सीचा रिपोर्ट, हार्मोन आणि हर-टूचा रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड आणि दिलेल्या औषधांची यादी. लाल रंगाची केमो किंवा ट्रास्टुझुमॅब मिळालं असेल तर तेही त्यात दिसतं, आणि पुढे कधी दम लागला तर डॉक्टर हृदयाची तपासणी आठवणीनं करतात. पुढचे उपचार महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसतात का आणि तपासणीपैकी काय बसतं, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधी विचारावं. नागपूर रेल्वेनं साधारण १३० किलोमीटर. मेडिकल कॉलेजचं रुग्णालय, तुकडोजी कर्करोग रुग्णालय आणि जामठ्याची नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट तिथे आहेत. मुंबईला जायचं तर दुपारी विदर्भ एक्स्प्रेस धरायची, सकाळी सीएसएमटी. रेल्वेची कॅन्सर रुग्णांसाठीची सवलत ठरावीक तपासणीच्या प्रवासालाही लागू आहे, हे बहुतेकांना ठाऊक नसतं: स्लीपर आणि थर्ड एसीत रुग्णाचं भाडं पूर्ण माफ, सोबतच्या माणसाला ७५ टक्के सूट. त्यासाठी रुग्णालयाचा ठरावीक नमुन्यातला दाखला लागतो. मागच्या तपासणीच्या वेळीच पुढचा दाखला मागून ठेवलेला बरा.

आणि रोवणीतली ती बाई? भिंतीवरच्या कालनिर्णयवर, जिथे दूधवाल्याचा हिशेब लिहितात तिथेच, तिनं पाठ दुखायला लागली त्या तारखेवर पेनानं एक टिंब काढावं आणि चौदा दिवस पुढे मोजून दुसरं. मधल्या दिवसांत टिंबाबद्दल घरातल्या एका तरी माणसाला सांगून ठेवावं, म्हणजे दुसऱ्या टिंबाच्या दिवशी ‘आता रोवणी आहे’ असं म्हणायला ती एकटी उरणार नाही.